सातवी फुली

एकदा एक वृद्ध प्रशिक्षक आपल्या शिष्याला घेऊन अनेक देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी परदेशी गेला. शिष्याचा खेळ ट्रॅम्पोलिनचा. ताणलेल्या जाळीवरून दोन मजले उंच उसळायचे, हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि जाळीच्या मध्यावर रेखलेल्या तांबड्या फुलीवर उतरायचे. असे सलग दहा वेळा. वृद्धाने त्याला प्रारंभापासून एक सवय लावली होती. उतरण्यापूर्वी फुली नजरेस पडली, की ओठांतल्या ओठांत म्हणायचे, ‘दिसली’. सोबतचे खेळाडू विचारीत, “काय रे, आज कोण दिसली?” तरी सवय सुटली नाही.

अंतिम फेरीत आठ जण होते. शिष्य एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पदकाची ही शेवटची संधी होती. सहा उड्या निर्दोष झाल्या. सातव्या उडीत तो हवेत असतानाच, खेळाडू चुकीचा पडू लागल्यास खाली सरकवायची जाड गादी धरून कडेला उभ्या असलेल्या वृद्धाने ती त्याच्याखाली सरकवली. शिष्य गादीवर उतरला. गादीला स्पर्श झाला, की प्रयत्न तिथेच संपतो. गुण सहाच उड्यांचे मिळाले. तो आठवा आला.

मोठ्या पडद्यावर ती उडी संथ गतीने दोनदा दाखवण्यात आली. शरीर सरळ होते, दिशाही चुकलेली दिसत नव्हती. म्हातारा घाबरला, असे सर्वांचे मत पडले. संघव्यवस्थापकाने त्याचे ओळखपत्र तत्काळ काढून घेतले.

शिष्याने त्याला कपडे बदलण्याच्या खोलीत गाठले.

“सर, मी पडत होतो का?”

“ठाऊक नाही.”

“सोळा वर्षं घातली मी यात. आणि तुम्ही म्हणता, ठाऊक नाही?”

“सातव्या वेळी तुझे ओठ हलले नाहीत.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरूनच. तुझ्याआधी माझा एक विद्यार्थी होता. त्याचेही हलले नव्हते. मी म्हटलं, क्षणभर पाहू, खात्री करून घेऊ. खात्री झाली, तेव्हा त्याची मान जाळीभोवतीच्या लोखंडी चौकटीवर आदळली होती. आज त्याला आई भरवते. गादी ज्याच्या हाती असते, त्याला खात्री नेहमी उशिराच मिळते. म्हणून शंका आली, की हात हलवायचा. मग आपण बरोबर होतो, हे दाखवायला काहीच उरत नाही. व्यवस्थापकांचं चुकलं नाही. तूही रागाव.”

शिष्य बाकावर बसला. डोळे मिटून तो ती फेरी पहिल्या उडीपासून आठवू लागला. त्याचे ओठ सहा वेळा हलले आणि थांबले. त्याने पुन्हा आरंभ केला. पुन्हा तिथेच थांबले.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि वृद्धाची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

“चला सर,” तो म्हणाला. “बस सुटेल.”