मेहुण्याच्या हातातला दोर

एका राज्यात एक उंच कडा होता. कड्याला आग्या मोहोळं लोंबत आणि खालची गावं त्या मधावर जगत. मधकाप्यांची रीत होती. पोळ्याची मधाची बाजू तेवढी कापायची, पिल्लांची बाजू राखायची. सुरी बांबूची, आग वर्ज्य. आणि कापणारा ज्या दोराला लोंबतो, तो दोर धरायचा मेहुण्यानं. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ सोडत नाही.

राजा मणिधराची राणी केतकाई ही मधकाप्यांचीच लेक. एका वर्षी राजाला हौस आली की महालभर मेणाचे दिवे लावावेत, शेजारच्या राजांचे डोळे दिपवावेत. त्यानं कड्यावर मशाली धाडल्या. राणीचा भाऊ गोंदा आडवा आला, तर त्याला वेशीबाहेर हाकललं. पोळी पिल्लांसकट कढईत वितळली.

दिवे विझले आणि माश्यांची देवी मोहोळमाता सिंहासनावर येऊन बसली. म्हणाली, "माझी लेकरं मेण झाली. तुझ्या घरचं माणूस मेण होईल."

केतकाईची पावलं पिवळी पडली, गार झाली. वैद्य झाले, मांत्रिक झाले, मेण गुडघ्यावर चढलं. रानात मोहोर आला, फळ धरेना. मग एक धनेश पक्षी खिडकीत येऊन बोलला, "कड्यावर तीन मोहोळं उरलीत. राजानं स्वतः उतरावं, तिन्हींपाशी रीत पाळावी, तिन्हींचा मध राणीला चाटवावा. रीत म्हणजे सगळी रीत."

राजा समजला. अनवाणी वेशीबाहेर गेला. गोंदा दोर वळत बसला होता.

"या दाजी. दिवे विझले वाटतं?"

राजानं मान खाली घातली. मेण कुठवर आलं, एवढंच गोंदानं विचारलं. कमरेपर्यंत, म्हटल्यावर दोर खांद्यावर टाकून उठला.

राणीची पालखी कड्यावर ठेवली. राजा उतरला. माश्यांनी डोळे सुजवले, तरी त्यानं मधाची बाजू कापून आणली. राणीला मध चाटवला, मेण थांबलं. पण तो दुसऱ्यांदा उतरेतो पुन्हा चढू लागलं. दुसरं मोहोळ कपारीच्या आत होतं. झोके घेत घेत त्यानं तेही साधलं. तोवर मेण छातीवर आलं होतं. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा ते गळ्याशी होतं.

तिसऱ्या मोहोळात मध नव्हता. सगळी पिल्लंच होती.

राजानं सुरी पोळ्याशी नेली. पिल्लं पिळून द्रोण भरला, तर वरून कोणाला दिसणार? आणि रिकामा गेलो, तर केतकाई जाईल. ती गेली, की गोंदाला दोर धरायचं कारण तरी काय उरलं?

तरी त्यानं हाक दिली, "गोंदा, इथे मध नाही. नुसती पिल्लं आहेत."

दोर हातभर सैल झाला. राजा खाली गेला, एक दगड दरीत घरंगळला. दोर बराच वेळ तसाच सैल राहिला.

"सुरी आहे ना हातात, दाजी?"

"होती. टाकली."

सुरी गरगरत खाली गेली होती. तिचा आवाजही आला नाही. मग दोर ताणला आणि राजा तसूतसूनं वर येऊ लागला. वर पोचला तेव्हा गोंदाचे तळवे सोलून निघाले होते. दोघं पालखीशी बसले. मेण राणीच्या ओठांना टेकलं.

तोच कपारीतून मोहोळमाता आली. "हातात सुरी असून लेकरं राखलीस," म्हणाली आणि राणीच्या ओठांवर एक थेंब ठेवून गेली. मेणाला तडा गेला. गळ्यावरून, छातीवरून, पावलांवरून ते ओघळून मातीत जिरलं.

केतकाईनं डोळे उघडले. "दादा, यांना किती वेळ लोंबकळत ठेवलंस?"

"जरा जास्तच," गोंदा म्हणाला आणि तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले.

मोहोळं सावरेपर्यंत राजानं कापणी थांबवली, गावांना कोठारातलं धान्य दिलं. कडा मधकाप्यांच्या पंचांकडे सोपवला. रानात फळ धरलं, माश्या परतल्या. पुढं दर कापणीला राजा स्वतः दोराला लोंबे आणि वरून गोंदा विचारी, "दाजी, पिल्लं राखली ना?"

त्यांच्या कड्याला मोहोळं लागली, तशी तुमच्या रानाला लागोत. आणि दोर धरणारा हात तुम्हांआम्हां सर्वांना लाभो.