डोंगराची भाकर

फार जुनी गोष्ट. पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवंगार, धुकट बेट होतं. उन्हाळा कलून जव पिवळे पडले की तिथे लूनासाचा सण येई. पहिली पेंढी कापायची, त्याच दिवशी दाणे दळून जाडजूड भाकर भाजायची आणि डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकावर नेऊन ठेवायची. तोवर नव्या धान्याचा कणही कुणी तोंडात घालत नसे. उतरताना मागे वळून बघायचं नाही, हा दुसरा नेम. का, ते कुणी विचारत नसे. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या!

त्या वर्षी पीक बेताचं आलं. गावातल्या एका शेतकरणीची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते.

"पोटुशी लेक घरात आणि पहिली भाकर दगडाला?" ती पुटपुटली. नव्या पिठाची भाकर तिने लेकीसाठी झाकून ठेवली. कणगीच्या तळाचं गेल्या सालचं बुरसट पीठ खरवडून दुसरी भाजली, तिच्यावर मध फासला. वरून चकाकली म्हणजे झालं, आत कोण बघतंय!

भर दुपारी सगळ्यांनी भाकरी ठेवल्या, गाणी म्हटली आणि सगळे उतरू लागले. तिच्या मनात मात्र चोर होता. तिने मागे पाहिलं.

खडक रिकामा होता. कावळा नाही, चिमणी नाही, चुरासुद्धा नाही. तिची भाकरही तिथे नव्हती आणि उताराच्या उभ्या जवांमधून, वारा नसताना, एक वाट फाकत चालली होती. थेट तिच्या घराकडे.

ती धापा टाकत पोचली. उंबऱ्यावर मधाची भाकर होती. एकच घास तोडून थुंकलेला.

लेक दारात उभी होती. "आई, आत्ताच तर भाकर ठेवून गेलीस. बोलली का नाहीस गं? आणि हात केवढे गार तुझे!"

शेतकरीण आत धावली. तिने झाकलेली भाकर मोडली. आत हिरवी बुरशी. शेतात जाऊन कणसं चोळली. दाण्याच्या जागी धूळ. आता लेकीला काय घालू, म्हणून ती ओक्साबोक्शी रडली.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, डोंगर भाकरीचा भुकेला नाही, भावाचा आहे. मूठभर असतं तर चिमूटभर द्यायचं होतंस, पण त्यातलंच."

तो हिवाळा मायलेकींनी आणि तान्ह्या नातीने शेजाऱ्यांच्या भाकरीवर काढला. कुणी त्यांना शिळं दिलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

पुढच्या लूनासाला पहिल्या पेंढीची भाकर घेऊन ती सगळ्यांआधी डोंगर चढली. उतरताना मागून कुणीतरी सावकाश, चवीने चावत असल्याचा आवाज आला. या वेळी मात्र तिने मागे पाहिलं नाही. घरी नव्या भाकरीचा खमंग वास सुटला होता.

दुसऱ्याच्या पानात जे शिळं वाढाल, तेच फिरून आपल्या पानात येतं.