हरबा, चार डिग्री आणि विहीणबाई

एका गावात एक भोळा वायरमन होता आणि गावाचं नशीब असं, की दुसरा नव्हता.

त्याचं नाव हरबा. हरबा आळशी नव्हता, चोर नव्हता, पीत नव्हता. सांगाल ते करायचा. खोट एवढीच, की सांगाल तेच करायचा. उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काम करायच्या आधी मेन स्विच पाडायचा." हरबानं ते मनावर घेतलं. पंखा बसवायच्या आधी मेन पाडायचा. लाकडं फोडायच्या आधी मेन पाडायचा. दाढी करायच्या आधीसुद्धा मेन पाडायचा. बायको म्हणायची, "अहो, दाढीला कशाला?" हरबा म्हणायचा, "मग दाढी काय काम नाही?"

ह्या हरबाची सख्खी मावशी म्हणजे सुंदराक्का. तिची गावात डेअरी होती. चक्का, श्रीखंड, लोणी. नवरा होता, पण बोलायची सगळी सुंदराक्काच. तिनं हाक मारली की शेजारच्या गल्लीतली म्हैससुद्धा उभी राहायची. अंगणात तिनं पत्र्याची एक थंड खोली बांधून घेतली होती. खोलीत गार हवा सोडणारं मशीन. खोली चार डिग्रीवर राहिली की श्रीखंड ताजं राहायचं. चारच्या वर गेली की आंबायचं.

आणि नेमकी ती खोली बिघडली. कधी? तर दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदराक्काच्या वैजूला बघायला माणसं यायची होती तेव्हा.

पोरगा वैजूला पसंत होता. वैजू पोराला पसंत होती. राहिली होती पोराची आई, इंदुबाई. ही बाई पोरगी बघायची नंतर, श्रीखंड चाखायची आधी. मागच्या घरी श्रीखंड आंबट लागलं, तशी ताटावरून उठली. म्हणाली, "ज्यांना चक्का सांभाळता येत नाही, त्यांनी पोरगी काय सांभाळली असेल!"

वैजू रडकुंडीला आली. "आई, श्रीखंड आंबलं तर हे स्थळ गेलं. मग मी जन्मभर इथंच तुझं लोणी काढत बसेन."

सुंदराक्कानं तालुक्याच्या मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक स्वतःच्याच लग्नाला गेला होता. दुकानदारानं नवा कंट्रोलर तेवढा पाठवून दिला. छोटासा डबा, त्यावर आकडे उजळायचे. डब्यातून निघालेली लांब वायर आणि वायरीच्या टोकाला भुईमुगाच्या शेंगेएवढं धातूचं बोंड. त्याला म्हणतात सेन्सर. तो जिथं ठेवाल तिथली उष्णता डब्यावर दिसते. आकडा चारच्या वर असला की मशीन चालू, चारवर आला की बंद. इतकं साधं.

सुंदराक्का म्हणाली, "इतकं साधं तर हरबालासुद्धा जमेल."

तिथंच चुकलं.

हरबा आला. मेन पाडला. म्हणाला, "मावशी, डबा कुठं लावू?"

सुंदराक्का पाटावर बसून चक्का पुरणयंत्रातून काढत होती. मान वर न करता म्हणाली, "लाव दाराशेजारी, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा."

थोड्या वेळानं ती उठून बघायला गेली. दाराशेजारी डबा नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मग पायाला काहीतरी लागलं. डबा जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकला होता.

"अरे मेल्या, हा काय कोंबडीला वाचायला लावलास?"

"मावशी, तू पाटावर बसली होतीस. तुझे डोळे तिथंच होते. मी दोरीनं माप घेतलं."

"मुडद्या, असली वस्तू वर लावायची असते! वर! लक्षात ठेव."

"ठेवलं," हरबा म्हणाला.

डबा वर गेला. आता वायरी जोडायच्या. सुंदराक्काला विजेतलं फार कळत नव्हतं, पण न कळणाऱ्या गोष्टीतही ती ठणकावून सांगायची. म्हणाली, "लाल तार लालला जोड, काळी काळ्याला. सोपं आहे."

हरबानं डबा उघडला. आत सगळे स्क्रू पितळी, पिवळेधमक. लाल काहीच नाही. काळं काहीच नाही. हरबानं चौफेर नजर फिरवली. लाल होती वैजूची बादली. काळी होती म्हैस.

सुंदराक्का बाहेर आली तेव्हा लाल तारेचा वेढा बादलीच्या कडीला पडला होता आणि हरबा काळी तार घेऊन म्हशीच्या मागं गोठाभर पळत होता.

"मावशी, ही थांबत नाही! जरा शिंगं धर!"

नशीब, मेन पाडलेला होता. सुंदराक्कानं कपाळावर हात मारला. डब्याच्या झाकणावर चित्र होतं, कुठली तार कुठल्या स्क्रूला ते. वैजूनं चित्र वाचलं, हरबानं तारा जोडल्या, मेन सुंदराक्कानं स्वतः चढवला. डब्यावर आकडा उजळला. मशीन घुमू लागलं. सुंदराक्कानं चक्क्याची पातेली आत ठेवली आणि बऱ्याच वेळानं श्वास सोडला.

"सेन्सर तेवढा नीट लाव आणि घरी जा," ती म्हणाली.

हरबाला आठवलं, असली वस्तू वर लावायची. तो शिडी घेऊन पत्र्यावर चढला. वैशाखातलं ऊन. पत्रा असा तापलेला, की त्यावर भाकरी भाजावी. हरबानं सेन्सर पत्र्यावर मधोमध ठेवला, वर दगड ठेवला आणि समाधानानं घरी गेला.

मशीनला कळेना, की हे काय चाललंय. सेन्सर सांगत होता, आग लागली आहे. मशीन बिचारं जिवाच्या आकांतानं थंड करत सुटलं. दुपारभर चाललं, रात्रभर चाललं.

सकाळी सुंदराक्कानं दार उघडलं. चक्का दगड. लोणी दगड. मशीनच्या नळ्यांवर तर बर्फाचा असा ढीग, की आत मशीन आहे हे सांगावं लागावं. हरबाला घरून ओढत आणलं. हरबानं ढीग पाहिला, मेन पाडला आणि कुदळ उचलली.

"थांब!" सुंदराक्का किंचाळली. "नळी फोडशील! बर्फ धरला की खरवडायचं नाही. बादलीभर पाणी घ्यायचं आणि वरून सावकाश ओतायचं. कळलं?"

"कळलं."

"आणि सेन्सर छपरावर नाही ठेवायचा, मठ्ठा. जे गार करायचं ते आत, आणि सेन्सर त्याच्या अंगाला चिकटून. भिंतीला नाही, पत्र्याला नाही. अंगाला!"

"अंगाला," हरबा म्हणाला.

त्यानं बर्फावर सावकाश पाणी ओतलं. बर्फ उतरला. मेनही चढवला, कारण सुंदराक्का हातात लाटणं घेऊन मागं उभी होती. चक्का उन्हात ठेवून नरम केला, साखर-वेलदोडा घातला, श्रीखंड नव्यानं घोटलं. चाखलं. गोड. अगदी हवं तसं. सुंदराक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं. पातेलं आत गेलं, हरबानं सेन्सर त्याच्या अंगाला दोरीनं बांधला. मग सुंदराक्का वैजूवर खेकसली, कारण वैजू सारखी दार उघडून श्रीखंड आंबलं का बघत होती.

"लाव ते दार! हरबा, इथं उभा राहा. माल आत गेला की दार लावायचं, आणि आकडा चारवर आल्याशिवाय उघडायचं नाही. कुणी ओरडो, कुणी दार बडवो. समजलं?"

"समजलं. चारवर आल्याशिवाय नाही."

आणि खरंच, हरबानं ते पाळलं. आकडा चारवर येईपर्यंत सुंदराक्कालासुद्धा आत जाऊ दिलं नाही. सुंदराक्काला पहिल्यांदाच वाटलं, बहिणीचं पोर अगदीच वाया गेलेलं नाही.

दुपारी माणसं आली. इंदुबाई, तिचा भाऊ आणि पोरगा. इंदुबाई चांगली भरभक्कम बाई. जरीचं लुगडं, गळ्यात सोनं, कपाळावरून घामाच्या धारा. उंबऱ्यातच पंख्यासारखा पदर हलवत म्हणाली, "काय हे ऊन गं बाई! अंगाची लाही झाली. आधी कुठंतरी गारव्याला बसवा मला, मग पोरगी दाखवा."

सुंदराक्का चुलीपाशी पुऱ्या तळत होती. तिनं अंगणात लिंबाखाली बाज टाकून ठेवली होती, बाजेवर सतरंजी, शेजारी वाळ्याचं पाणी. ती आतूनच ओरडली, "हरबा, पाहुण्यांना गारव्याला बसव! नीट बसव!"

हरबानं बाजेकडे पाहिलं. लिंबाखाली सावली होती. पण गारवा कुठं आहे, ते हरबाला पक्कं ठाऊक होतं. तो त्यानं स्वतः बसवला होता.

"या, आत या," त्यानं थंड खोलीचं दार उघडलं.

इंदुबाई आत शिरली आणि खूश झाली. "अगंबाई, एसी आहे होय तुमच्याकडे! घर हलकं नाही दिसत." ती श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी पाटावर ऐसपैस बसली.

हरबानं पातेल्याची दोरी सोडली. सेन्सर हातात घेतला. म्हणाला, "हात पुढं करा."

"हे काय?"

"हे तुमच्या अंगाला बांधायचं. मावशीनं सांगितलंय."

इंदुबाईला वाटलं, विहिणीला मान द्यायची ह्यांच्यात ही रीत असेल. तिनं कौतुकानं हात पुढं केला. वर म्हणाली, "घट्ट बांधा हो, सुटायला नको."

हरबानं मनगटाला घट्ट बांधलं. बाहेर आला. दार लावलं. कडी घातली. मावशीनं शिकवलेलं तो काहीही विसरला नव्हता.

पुऱ्या झाल्या. वैजू साडी सावरत तयार झाली. इंदुबाईचा भाऊ हौदावर हातपाय धुऊन आला होता; मशीनच्या घरघरीत त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तो लिंबाखाली बसून विचारायला लागला, "ताई कुठं गेली?" पोरगा घरामागं बघून आला. सुंदराक्का वाट्या घेऊन श्रीखंड काढायला अंगणात आली आणि डब्यावरचा आकडा पाहून तिच्या हातातल्या वाट्या खळाखळा पडल्या.

चौतीस.

"गेलं!" ती ओरडली. "नासलं श्रीखंड! माझ्या वैजूचं लग्न मोडलं! सरक बाजूला!"

हरबा दाराला पाठ लावून उभा राहिला. "मावशी, चारवर आल्याशिवाय उघडायचं नाही."

"अरे, चौतीस झालंय!"

"मघाशी छत्तीस होतं. उतरतंय की. माल मोठा आहे, वेळ लागणारच."

आतून दार बडवल्याचा आवाज आला. मग एक बारीक, थरथरती किंकाळी.

सुंदराक्काचा आवाज एकदम खाली आला. आयुष्यात पहिल्यांदाच. "हरबा. आत कुठला माल आहे?"

"पाहुण्या," हरबा म्हणाला. "तूच म्हणालीस, गारव्याला बसव. तासभर ओरडतायत, पण मी उघडलं नाही."

सुंदराक्कानं त्याला कानाला धरून बाजूला फेकलं आणि कडी काढली.

इंदुबाई बाहेर आली. नाक जांभळं. भुवयांवर बर्फाची पांढरी किनार. अंबाड्यावर बर्फ. मनगटाला वायर. दात असे वाजत होते, की कोंबड्या पळाल्या. तिनं सुंदराक्काकडे बोट रोखलं आणि बोलू लागली, "ना... ना... ना..."

पुढचा शब्द काय येणार, ते सगळ्यांना कळलं. भावानं टोपी डोक्यावर चढवली. पोरानं मान खाली घातली. वैजूनं पदर तोंडाला लावला. सुंदराक्काला तर पायाखालची जमीनच दिसेना.

"ना... ना... नाप..."

हरबा मात्र इंदुबाईच्या भुवया निरखून बघत होता. मग तो हौदावर गेला आणि बादली काठोकाठ भरून घेऊन आला.

"हा कशाला आलाय?" इंदुबाईचे दात वाजायचे थांबले. "ती बादली कशाला?"

"बर्फ धरलाय," हरबानं समजावून सांगितलं. शेजारच्या बाजेवर चढला आणि बादली तिच्या डोक्यावर धरली.

"अगं बाई, पसंत आहे!" इंदुबाई किंचाळली. "पोरगी पसंत, घर पसंत, श्रीखंडसुद्धा गोड आहे, मी आत खाऊन बघितलंय! उद्याच लग्न लावा! फक्त ह्याला आवरा!"

"हरबा!" सुंदराक्का ओरडली. "ऐकलंस ना? पसंत म्हणाल्या! अरे मेल्या, सावकाश!"

"सावकाशच ओततोय, मावशी," हरबा म्हणाला, आणि त्यानं अख्खी बादली विहीणबाईंवर धार धरून, अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

खरवडलं मात्र अजिबात नाही.