शेठजींचे शब्द, शेठजींची मोहर

विषय : 'महारथी' या व्हिडिओ गेमचे परीक्षण छापण्याबाबत.
संदर्भ : शेठ रंगोबा यांची भर दरबारातील तोंडी तक्रार (तारस्वरात).

उपरोक्त विषयी खुलासा असा, की खडकाळी संस्थानात तलवारी केव्हाच गंजल्या होत्या. लढाया आता मोबाइलवर होत. कोणता गेम घ्यावा हे प्रजा 'नगारा' साप्ताहिक वाचून ठरवी, आणि 'नगाऱ्या'त गेमची पारख लिही तांबटाची लेक सगुणा. ती आधी गेम शेवटपर्यंत खेळे आणि मगच लिही. त्या धंद्यात ही सवय जरा विक्षिप्तच समजली जाई.

शेठजींच्या नव्या 'महारथी'बद्दल तिने लिहिले, 'घेऊ नका.' पंचाईत एवढीच, की त्या अंकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाहिराती होत्या 'महारथी'च्या! संपादक अप्पाजींनी मजकूर सौजन्य म्हणून छापण्याआधीच शेठजींना दाखवला, आणि शेठजी थेट दरबारात येऊन थडकले.

"महाराज, माझ्याच पैशाच्या कागदावर माझीच निंदा! जाहिराती बंद करतो!"

अप्पाजी घाईघाईने सगुणेकडे वळले. "सगुणे, अगं, 'बरा आहे' एवढं लिही की! बरा म्हणायला काय जातं?"

"माझं काही जात नाही, अप्पाजी. घेणाऱ्याचं जातं!"

खड्गसेन महाराजांना निवाडा करण्याची भारी हौस आणि केलेला निवाडा न बदलण्याची त्याहून. ते गरजले, "ऐक! परीक्षणात खोटा शब्द एकही नको. शेठजींना न रुचेल असा शब्द एकही नको. आणि तरीही ते वाचून प्रजा फसता कामा नये! उद्याच्या अंकात आलं पाहिजे. नाहीतर छापखाना शेठजींचा, आणि तू जा घरी भांडी ठोकायला!"

अप्पाजी मटकन खालीच बसले. शेठजींनी मिशीला पीळ दिला. सगुणेने मात्र पाहिले होते, की सकाळपासून शेठजी महाराजांच्या कानाशी लागले आहेत, आणि कुजबुजीत 'भागीदारी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आहे.

"मान्य, महाराज," ती म्हणाली. "पण नुसता खेळून पाहण्यात मी चुकले असेन. गेम ज्यांनी केला, त्यांच्याच तोंडून त्याचे गुण ऐकावेत. शेठजी, महाराजांनी खजिन्याचा पैसा तुमच्या 'महारथी'त का घालावा?"

शेठजी असे खुलले, की विचारू नका! "का म्हणजे? अगं पोरी, सोन्याची खाण आहे ती! महारथीची तलवार तीन घावांत बोथट होते. धार लावायची? पैसे मोजा! घोडा दर कोसाला उपाशी पडतो. चारा विकत! गेम घेतल्यावर वर पैसे न मोजणारा कितीही शूर असो, किल्ल्याच्या दारापलीकडे जाऊच शकत नाही. आम्ही तशी तजवीजच केली आहे! पोर हरतं, रडतं, आणि बाप खिशात हात घालतो. गेम करायला खर्च थोडा, वसुली जन्मभर! असा धंदा त्रिभुवनात नाही, महाराज!"

सगुणेने शब्दन् शब्द टिपून घेतला आणि खणखणीत वाचून दाखवला. "यात माझ्या पदरचं काही शिरलं नाही ना, शेठजी?"

"छे! वा, वा! अस्सं लिहावं माणसानं!"

"मग छापू?"

"छाप की! पहिल्या पानावर छाप!" म्हणत शेठजींनी खाली धडाधड मोहर उमटवली.

दुसऱ्या दिवशी 'नगारा' निघाला. पहिल्या पानावर 'महारथीची पारख', खाली शेठजींचे अख्खे भाषण आणि त्याखाली शेठजींची मोहर. सकाळी शेठजींच्या दुकानापुढे 'महारथी' घेणाऱ्यांची रांग होती. दुपारी तिथेच परत करणाऱ्यांची लागली! 'नगारा' मात्र पुन्हा छापावा लागला. एरवी तो फुकट वाचणारे लोक आयुष्यात प्रथमच तो विकत घेत होते.

शेठजी पागोटे सावरत दरबारात धावले. "महाराज, बदनामी! घोर बदनामी!"

"यातला कुठला शब्द खोटा आहे, शेठजी?" सगुणेने विचारले.

"खोटा नाही, पण..."

"मग कुठला आवडला नाही? काल तर 'वा, वा' म्हणालात!"

"अगं, ते भागीदारांसाठी होतं! गिऱ्हाइकांसाठी नव्हे!"

महाराज गदगदा हसू लागले. हसता हसता सिंहासनावरून घसरले. "अरे रंगोबा, आमचाही महारथी त्या दारातच अडकलाय! आणि खजिनदार रोज विचारतो, पागेत घोडे तेवढेच, मग चाऱ्याचा खर्च दुप्पट कसा? सगुणे, जिंकलीस! आजपासून 'नगाऱ्या'त दरबाराच्या जाहिराती! सगळी पानं आमची!"

अप्पाजी उठून उभे राहिले. सगुणेने हात जोडले. "तेवढं नको, महाराज. मग उद्या दरबाराची पारख करायची झाली, तर ती कोण छापणार?"

अप्पाजी पुन्हा खाली बसले. महाराजांनी तिच्याकडे रोखून पाहिले, आणि मग आधीपेक्षाही मोठ्याने हसले. मनगटातले सोन्याचे कडे काढून त्यांनी तिच्या हातात घातले. ते तिला सैल झाले. पण तांबटाच्या घरी कडे बेताचे करून घ्यायला कितीसा वेळ!

सदर भाषण आपण केलेच नव्हते असे ठरवून मिळावे, असा शेठ रंगोबा यांचा अर्ज दरबारी दप्तरात दाखल आहे. भाषणाखालील मोहर खरी की खोटी, याबाबत शेठ रंगोबा यांचाच अभिप्राय मागवला आहे. तो अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.