शहराला आलेली हाक

फार जुन्या काळी रोमचे लोक शत्रूचं गाव घेण्याआधी वेशीबाहेर उभे राहून तिथल्या देवतेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत. देवता निघून यायची आणि गाव पडायचं. म्हणूनच त्यांनी आपल्या देवतेचं, वेशीवरल्या पितळी लांडगीचं, खरं नाव लपवून ठेवलं होतं. ते फक्त म्हातारा पुजारी तिच्या कानात कुजबुजायचा. त्याच कानात एका साळुंकीचं घरटं होतं. त्या साळुंकीचं मूळ गाव रोमच्या लोकांनी असंच पाडलं होतं.

कुणालाही नाव न सांगता पुजारी मेला.

"बरंच झालं," पहारेकरी क्विंटस म्हणाला. "आता आपल्याला कुणी हाक मारूच शकणार नाही."

एका टळटळीत दुपारी वेशीबाहेरून हाक आली. आवाज पाखराचा होता. एकच नाव, पुन्हा पुन्हा.

"या नावाचं इथे कुणी राहत नाही!" क्विंटस हसत ओरडला.

त्याच्या मागे पितळ करकरलं. लांडगी चौथऱ्यावरून उतरली आणि त्याच्या अंगाला घासून बाहेर निघाली.

"अगं, थांब!"

ती थांबली. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं तिने वळून पाहिलं.

"तूही नावाने हाक मार," ती म्हणाली. "मी परत येते."

क्विंटसने तोंड उघडलं, पण साळुंकी आता गप्प होती आणि हसण्याच्या नादात ते नाव त्याने ध्यानात ठेवलंच नव्हतं.