गवसणीतला सूर

“आणि ही गवसणी शेवटची कधी काढलीस?” अच्युतबुवांनी विचारले.

“काढलीच नाही,” वामन म्हणाला. “दस्तगीरने तंबोरा जसा लावून ठेवला, तसाच आहे. त्याच्यामागे या तारांना मी कोणाचे बोट लागू दिलेले नाही.”

नदीकाठच्या देवळाची ओवरी, सकाळची वेळ. गुरुशिष्यांच्या मध्ये तो तंबोरा लाल कापडी गवसणीत, एखाद्या आजाऱ्यासारखा निजवलेला होता.

दस्तगीर सारंगिया. बुवांचाच शिष्य, वामनचा गुरुबंधू आणि जिवाचा मित्र. वामनचे गाणे असले की तंबोरा दस्तगीरनेच जुळवायचा, असा जणू नेम होता. भोपळ्याला कान लावून तो खुंटी पिळत बसे, आणि शेजारी वामन उतावीळ झाला की म्हणे, “तू गा रे गवया, तंबोऱ्याला छळू नकोस.” तारा मनासारख्या लागल्या म्हणजे भोपळ्यावर हलकीशी थाप मारून वाद्य पुढे सरकवी.

माघात तो तापाने गेला. तेव्हापासून वामन गायला नव्हता. आता गावाने दस्तगीरच्या स्मरणार्थ बैठक योजली होती, आणि आपण तीत गाणार नाही, एवढेच सांगायला तो आला होता. तंबोरा मागे ठेववेना, म्हणून तोही बरोबर आणला होता.

“घरी दुसरे तंबोरे आहेत ना?”

“आहेत. त्यांत तो सूर नाही.”

“मग ह्यावर गा.”

“छेडला तर उतरेल, बुवा. मग तो सूर मी कोठून आणू?”

बुवांनी गवसणीची गाठ सोडली. वामनला नको म्हणवेना. त्यांनी चारही तारांवरून बोट फिरवले.

पंचम केव्हाच खाली आला होता. जोडीच्या तारा एकमेकींना ओळखत नव्हत्या. खर्ज नुसताच गुरगुरला.

न छेडलेली तारही ऋतुमानाने उतरते, हे वामन आपल्या शिष्यांना नित्य सांगत असे. ह्या एका तंबोऱ्याला मात्र त्याने त्यातून वगळले होते.

“मी हातही लावला नव्हता…”

“नव्हतास,” बुवा म्हणाले, आणि एकेक खुंटी उलटी फिरवू लागले.

वामनने त्यांचे मनगट धरले. गुरूचा हात त्याने जन्मात कधी अडवला नव्हता. बुवा थांबले नाहीत. तारा घोडीवर पार सैल पडल्या, तेव्हा त्यांनी तंबोरा त्याच्या मांडीवर ठेवला.

“लाव.”

“मला त्याच्यासारखा लागत नाही.”

“लाव.”

वामनने खुंटी पिळली. सूर बरा लागलासे वाटले, तसा तो थांबू गेला. एरवी तो एवढ्यावरच थांबता. पण कानाशी कोणीतरी म्हणाले, अजून नाही, गवया.

त्याने पुन्हा पिळली. तारेतला मणी केसभर सरकवला. भोपळ्याला कान लावला… पुन्हा सरकवला. ऊन पायरी चढून ओवरीत आले. बुवा डोळे मिटून बसले होते.

आणि मग खर्जाच्या पोटातून, तंबोरा अचूक जुळला म्हणजेच उमटणारा, कोणी न छेडलेला गंधार हळूच वर आला.

वामनच्या हाताने भोपळ्यावर हलकीशी थाप मारली.

तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.

“कोणी लावला?” बुवांनी डोळे न उघडता विचारले.

वामनचे डोळे वाहत होते, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच ओठांवर हसू होते… तेवढ्यात काही आठवल्यासारखा तो लगबगीने गवसणी शोधू लागला.

गवसणीची घडी घालून बुवा तिच्यावर बसले होते.

“बुवा, द्या ती. हा उतरेल…”

“गाता गाता उतरू दे.”