रिकामी रेघ

“मग तुमच्यापेक्षा दहापट, असं म्हणायला आता काय हरकत आहे, बाई?”

सुकुमार मगदूमने हे विचारलं तेव्हा त्याच्या एका हातात आलेखाचा ताजा कागद होता आणि दुसऱ्या हातात हातोडी.

हातोडीचं कारण प्रयोगशाळेच्या दाराशेजारच्या भिंतीवर होतं. तिथे एका चौकटीत अष्टपुत्रे बाईंचा आलेख लटकत असे. बाईंनी ऐन उमेदीत, स्वतःच्या हातांनी घडवलेल्या ट्रान्झिस्टरचा.

ट्रान्झिस्टर बंद केला तरी त्यातून किंचित वीज झिरपत राहते. घट्ट पिळलेल्या नळातून थेंब गळावा तशी. बाईंच्या ट्रान्झिस्टरची गळती इतकी थोडी होती, की पुढे त्या प्रयोगशाळेत कोणालाच तिच्याखाली उतरता आलं नव्हतं. आणि तिथला रिवाज होता, जो खाली उतरेल त्याचा आलेख भिंतीवर.

सुकुमार खाली उतरला होता, थेट बाईंच्या गळतीच्या दहाव्या हिश्श्यावर. कँटीनमध्ये सगळ्यांना मिसळ खिलवूनही झाली होती. आता उरला होता तो फक्त खिळा.

“दहापट,” बाई म्हणाल्या. “नऊ नाही, अकरा नाही?”

“दहा. आणि आकडा माझा नाही, बाई. यंत्राचा आहे.”

“यंत्राचा...”

“हो. यंत्र काही माझ्या नात्यातलं नाही.”

बाई हसल्या. “हातोडी ठेव. आधी दाखव.”

खोलीच्या मधोमध टेबलावर पॅरामीटर अ‍ॅनलायझर होता. ट्रान्झिस्टरला हवं तितकं व्होल्टेज द्यायचं आणि त्याच क्षणी त्यातून किती वीज वाहिली ते मोजायचं, हे त्याचं काम. त्याच्या पाठीमागून निघालेल्या केबली एका काळ्या, झाकणाच्या पेटीत शिरत. पेटीत सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढी चकती, आणि तिच्यावर टेकलेल्या तीन बारीक सुया. झाकण घट्ट हवं. उजेडाची तिरीप पडली तरी गळती वाढते.

सुकुमारने बटण दाबलं.

पडद्यावर निळी रेघ निघाली. तळाशी सपाट धावली, मग एका जागी ताठ उभी राहिली आणि वर चढत गेली. सपाट तिथे ट्रान्झिस्टर बंद. चढ तिथे चालू.

“तळ बघा, बाई. कसा गाढ झोपलाय.”

“गाढ झोपलाय खरा... रिकामी रेघ कुठाय?”

सुकुमारला हसू आलं. रिकामी रेघ म्हणजे इथली बाराखडी. नवा मुलगा आला की त्याला पहिल्यांदा तेच करायला लावत. सुया अधांतरी ठेवायच्या, कशालाच टेकवायच्या नाहीत, आणि तसंच यंत्र चालवायचं.

“बाई, ते नव्या पोरांचं. त्यांना मीच तर शिकवतो.”

“शिकवतोस?”

“दर वर्षी.”

“आणि करतोस कधी?”

इतकी वर्षं या यंत्राशी घासल्यावर, आपल्याला आणखी बाराखडी कशाला, असंच सुकुमारला मनापासून वाटत होतं.

बाई उठल्या. पेटीचं झाकण उघडलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एका सुईचा स्क्रू किंचित फिरवला. सुई उचलली गेली. खाली केसभर फट राहिली असेल, नसेल.

झाकण लावून त्यांनी स्वतः बटण दाबलं.

आता लाल रेघ निघाली. तळाशी ती निळीच्या अंगावरून धावू लागली, अगदी निळी दिसेनाशी झाली. जिथे निळी ताठ उभी राहिली होती तिथे मात्र लाल वळली नाही. सरळ गेली, पडद्याच्या कडेपर्यंत.

बाईंनी लाल रेघेवर बोट ठेवलं.

“सुई टेकली होती?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“ट्रान्झिस्टर जोडलेला होता?”

“नाही...”

“मग ही गळती कोणाची?”

सुकुमार त्या लाल रेघेकडे बघत राहिला. दोन दिवस ज्या सपाट तळाकडे बघून त्याचं पोट भरत नव्हतं, तो तळ त्याचा नव्हताच.

“यंत्राची,” तो शेवटी म्हणाला.

“तू ट्रान्झिस्टरला मोजलं नाहीस, सुकुमार. यंत्राने स्वतःलाच मोजलं.”

“म्हणजे... माझी सगळी मेहनत पाण्यात?”

“असं मी म्हटलं?”

“दहापट खोटं ठरलं ना, बाई!”

“खोटंच आहे. पण कोणत्या अंगाने खोटं, ते तुला ठाऊक नाही. मलाही नाही.” बाई दाराशी गेल्या, आणि तिथून मागे वळल्या. “मिसळ परत मागू नकोस हो कोणाकडे.”

जाताना त्या हातोडी घेऊन गेल्या.

सुकुमारला भिंतीवरच्या चौकटीकडे बघवेना. मग मात्र त्याला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की त्याचे हात चांगले चालत.

त्याने आधी यंत्रालाच हात घातला.

घाईत त्याने मोजमापाचा वेग जलद ठेवला होता. तो अगदी मंद केला. यंत्र सुरू केल्या केल्या मोजायला बसण्याची त्याची सवय. आता ते पुरतं तापून स्थिरावू दिलं. केबलींची टोकं त्याच्याच बोटांच्या तेलकट डागांनी माखली होती. ती स्पिरिटने पुसून कोरडी केली. एक केबल साधीच होती, कोणी तरी वेळ निभावून नेण्यासाठी लावलेली. ती काढून दोन आवरणांची, गळती अडवणारी केबल लावली. लोंबणाऱ्या केबली टेबलाला चिकटपट्टीने बांधून टाकल्या. केबल नुसती हलली तरी यंत्राला वीज दिसते. पंखा बंद केला.

सुया अधांतरी ठेवून रेघ काढली. तळ उतरला होता.

पुन्हा पुसलं, पुन्हा काढली. आणखी उतरला. एकदा रेघ मध्येच थरथरली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपला नायलॉनचा शर्ट पेटीला घासतोय. तो चार हात लांब जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. एखाद्या झोपलेल्या तान्ह्या मुलापासून दूर व्हावं तसा.

तळ आणखी खाली बसला, आणि मग काही केल्या हलेना.

तेव्हा कुठे त्याने सुया टेकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा तो दारातच उभा होता.

“किती?” बाईंनी पर्सही खाली ठेवली नव्हती.

“चाळीसपट. यंत्राची गळती उतरली, तेव्हा तिच्याखाली दडलेली माझी दिसली.”

“काल तर दहा म्हणत होतास.”

“हो.”

“बढाई मारायची, आणि तीही अर्धपोटी!”

सुकुमार मोठ्याने हसला. कालपासून पहिल्यांदाच.

मग बाईंनी काही म्हणायच्या आत त्याने पेटीचं झाकण उघडलं, सुई उचलली, झाकण लावलं, आणि चार हात मागे सरून यंत्र चालू दिलं. निळ्या रेघेच्या खालून लाल रेघ गेली. पुरती खालून, सुटी. दोघींमध्ये बोटभर जागा मोकळी होती.

बाई ती जागा बघत राहिल्या.

“चांगलं घडवलंयस,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो घाईघाईने कामाचं बोलला.

“भिंतीवर लावताना लाल रेघ काढून टाकतो, बाई. बघणाऱ्याचा उगाच गोंधळ.”

बाईंनी पर्समधून हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

“तुमची चौकट...?”

“उतरव की. रिवाज आहे.”

सुकुमार स्टुलावर चढला. चौकट दोन्ही हातांनी धरली आणि तिथेच थांबला. बाईंचा आलेख इतक्या जवळून त्याने कधी पाहिलाच नव्हता. वरची ठळक रेघ त्याला तोंडपाठ होती. पण तिच्या खाली, अगदी तळाशी, एक फिकट तुटक रेघ होती. येता-जाता तिला तो चौकटीची छापील किनार समजत आला होता.

किनार तिच्याही खाली, वेगळी होती. ही बाईंची रिकामी रेघ होती.

दोन रेघांच्या मध्ये बाईंनी कोरी जागा ठेवली होती. तिच्यात एक अक्षर नव्हतं, एक खूण नव्हती...

“बाई,” तो स्टुलावरूनच म्हणाला, “लाल राहू दे?”

बाई यंत्रापाशी होत्या. त्याच्याकडे त्यांची पाठ होती. सुईचा स्क्रू त्या अगदी हळू फिरवत होत्या.

“वरची रेघ तुझी,” त्या म्हणाल्या. “मधली मोकळी जागा पुढे जो उतरेल त्याची.”